डोळ्यांतील अडलेले रक्त आणि बधिरतेचे औषध

स्मरणिकेच्या या अंकासाठी पाटोदा तालुक्यातील आपल्या समाजाच्या घराण्यांचा इतिहास आम्ही लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक अधिकारी मंडळींनी पूर्वीच्या अंकांतून लिहिला आहे, आणि त्यात नवी भर घालण्याइतकी सामग्री आमच्याजवळ नाही. म्हणून संपादकांची अनुमती घेऊन आम्ही एका निराळ्याच वस्तूचा इतिहास लिहावयास घेतला आहे. ती वस्तू म्हणजे डोळा बधिर करणारे औषध. हा विषय स्मरणिकेत कशासाठी, असे कोणास वाटेल, तर त्याचे उत्तर आमच्या घरातच घडलेल्या एका गोष्टीत आहे.

सन २०१४ च्या आश्विनातील ती गोष्ट. ज्वारीच्या पेरणीची घाई चालली होती. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, पहाटे ओसरीवर चहा घेत बसले असता त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे एकाएकी काळोख पसरला. डोळा लाल झाला नाही, पाणी आले नाही, ठणका तर मुळीच नव्हता. दादांनी डोळ्यावर गार पाणी मारले, घटकाभर पडून पाहिले, आणि मग आम्हांस हाक मारली. आम्ही तेव्हा शाळेत नोकरीस होतो. गावातील चार माणसे आमचा सल्ला मानीत. आम्ही विचारले, ‘दुखते का?’ ते म्हणाले, ‘नाही.’ त्यावर ‘मग पेरणी आटोपू द्या, नंतर बीडला दाखवू,’ असा सल्ला आम्ही दिला. पेरणी आटोपावयास आठ दिवस लागले. नवव्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात पाहून सांगितले की, दृष्टिपटलास रक्त पुरविणारी मुख्य धमनी बंद पडली आहे आणि हा डोळा आता पुन्हा पाहणार नाही.

दुखत नाही त्या अर्थी चिंता नाही, हा समज आमच्या एकट्याचा नव्हे. तो खेड्यापाड्यांतून सर्वत्र आहे. निवृत्तीनंतर या विषयावरील जे जे वाचावयास मिळाले ते आम्ही वाचले, परिचयाच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून त्रास दिला, आणि तेव्हा ध्यानात आले की, नेत्रवैद्यकाचा अर्धा इतिहास हा वेदनेचाच इतिहास आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूस बुबुळावर काचेसारखा जो स्वच्छ पडदा असतो, त्याच्याइतकी वेदना जाणणारी जागा शरीरात क्वचितच असेल. धुळीचा एक कण तेथे माणसाला कासावीस करून सोडतो. आणि त्याच डोळ्याच्या मागील भिंतीवर जे दृष्टिपटल आहे, ज्याच्यामुळे आपणांस दिसते, त्याला वेदना जाणणारे तंतूच नाहीत. दाराशी पहारेकरी शंभर आणि तिजोरीपाशी एकही नाही, अशी ही रचना आहे.

पुढच्या दाराच्या या पहारेकऱ्यांना गुंगविल्याशिवाय शस्त्रवैद्याला आत जाता येत नसे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू शलाकेने बाजूस सारण्याची क्रिया सांगितली आहे, आणि तिची परंपरा गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हातून विसाव्या शतकापर्यंत चालत आली होती. त्या क्रियेत रोग्याला घट्ट धरून ठेवीत, एवढाच वेदनेवरील इलाज. एकोणिसाव्या शतकात १८४७ साली एडिंबरोच्या सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणल्यावर हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निर्वेध होऊ लागल्या. परंतु डोळ्याच्या बाबतीत मात्र ते औषध निरुपयोगी, किंबहुना घातक ठरे. क्लोरोफॉर्मची गुंगी उतरताना रोग्यास ओकाऱ्या येत, कुंथण्याने डोळ्यात जोर येई, आणि नुकताच छेदलेला डोळा फुटून आतील द्रव्य बाहेर येण्याची भीती असे. शिवाय ‘वर पाहा, खाली पाहा’ असे सांगावे तर रोगी बेशुद्ध!

येथे आमच्या प्रांताचा एक अभिमानाचा आणि काहीसा खेदाचाही प्रसंग सांगण्यासारखा आहे. पाटोदा हे त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ते १९४८ च्या सप्टेंबरात भारतात सामील झाले. या संस्थानात सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत, हैदराबादेतील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मची परीक्षा करण्यासाठी १८८८ साली एक आयोग बसविला. त्याच्या निष्कर्षांवर विलायतेत शंका घेतल्या गेल्या, तेव्हा निजामसरकारने एक हजार पौंड देऊन लंडनहून सर लॉडर ब्रन्टन यांस पाचारण केले आणि १८८९ साली दुसरा आयोग भरला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. त्या कामात रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी विदुषी होत्या. भूल देण्याचे शास्त्र अंगीकारणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. आयोगाने निर्णय दिला की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो व मग हृदय. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. पुढे १९११ च्या सुमारास लंडनचे गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकीही थांबू शकते. एवढा खर्च, एवढे परिश्रम, आणि निर्णय अपुरा! परंतु आमच्या मते त्यात लाजण्यासारखे काही नाही. औषधावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी, ही बुद्धी त्या काळी आमच्या संस्थानाला झाली, हे थोडे नव्हे. डोळ्याच्या ज्या औषधाची हकीकत पुढे सांगावयाची आहे, त्याच्या वाट्याला अशी परीक्षा फार उशिरा आली.

हैदराबादेत क्लोरोफॉर्मचा वाद रंगण्यापूर्वी चारच वर्षे, १८८४ साली, व्हिएन्ना शहरात डोळ्याचा प्रश्न सुटलेला होता. तेथील मोठ्या इस्पितळात कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा उमेदवार डॉक्टर होता. नेत्रविद्येत नाव काढावे ही त्याची आकांक्षा. परंतु पैसा नाही, वशिला नाही. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉईड, जो पुढे मनोविश्लेषणामुळे जगद्विख्यात झाला, तो त्या वर्षी कोकेन या द्रव्याचा अभ्यास करीत होता. दक्षिण अमेरिकेतील कोका नावाच्या झुडपाच्या पानांतून हे द्रव्य निराळे काढून पंचवीस वर्षे होत आली होती, आणि ते जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते हे अनेकांनी नमूद करून ठेवले होते. फ्रॉईड आपल्या वाग्दत्त वधूस भेटावयास परगावी गेला आणि इकडे कोलरच्या मनात आले की, जे जिभेला बधिर करते ते डोळ्याला का करणार नाही? त्याने आधी बेडकाच्या, मग सशाच्या व कुत्र्याच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिले. शेवटी आरशासमोर उभे राहून स्वतःच्याच डोळ्यात थेंब घातला आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळास स्पर्श केला. काहीच जाणवले नाही!

त्या वर्षी १५ सप्टेंबरला हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद होती. कोलरजवळ प्रवासखर्चास पैसे नव्हते. त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेथे वाचला आणि प्रयोग करून दाखविला. काही महिन्यांत ती वार्ता जगभर गेली. न्यूयॉर्कचे हर्मन नॅप यांनी त्याच वर्षी डोळ्याच्या मागील पोकळीत सुईने ते औषध सोडून सबंध डोळा बधिर करण्याची रीत काढली. कोलर मात्र व्हिएन्नात राहू शकला नाही. १८८८ साली तो अमेरिकेस गेला व तेथेच १९४४ साली वारला. गरिबीमुळे ज्याला आपल्याच शोधाच्या सभेस जाता आले नाही, अशा या माणसाची आठवण आम्हांस पुष्कळदा होते.

कोकेनचे व्यसन लागते, शिवाय ते विषारी. म्हणून रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या द्रव्याच्या शोधास लागले. जर्मनीचे आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन सिद्ध केले. नोव्होकेन या नावाने ते १९०५ पासून शस्त्रवैद्यांच्या हाती आले. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केले. दात काढताना हिरडीत जी सुई देतात तीत बहुधा हेच असते. या सर्व द्रव्यांचे कार्य एकाच तऱ्हेचे आहे. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे जावयाचा तर तंतूच्या आवरणातील सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. हे औषध ती दारे काही काळ बंद करून टाकते. तंतू जिवंत असतो, पण मुका असतो.

आता अडलेल्या रक्ताकडे वळू. डोळ्याच्या आत पाहण्याचे ऑप्थॅल्मोस्कोप नावाचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे मांडले, तेव्हा जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याची एकमेव जागा मानवास गवसली. तीतून पाहताना बर्लिनचे आल्ब्रेख्ट फोन ग्रेफ यांना १८५९ साली एका हृद्रोग्याच्या डोळ्यात मुख्य धमनी बंद झालेली दिसली, आणि हृदयातून वाहत आलेला कण तेथे अडकला असावा हे त्यांनी ओळखले. दादांच्या डोळ्यात झाले ते हेच. दुसरा प्रकार अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरेचा; ती गुठळीने तुंबते हे १८७८ साली युलिउस फोन मिशेल यांनी सांगितले. पहिल्यात शेताचा पाट कोरडा पडतो. दुसऱ्यात पाणी बाहेर जाण्याचा चर बुजतो आणि शेत चिबडते. दोन्हींत पीक जाते, पण तऱ्हा निरनिराळी आणि उपायही निरनिराळे.

रोग ओळखला गेला, तरी औषध नव्हते. अशा वेळी बधिरतेच्या औषधाकडे वैद्यांचे लक्ष गेले, आणि इतिहासातील एक विलक्षण आशेचा अध्याय सुरू झाला. कोकेनने रक्तवाहिन्या आक्रसतात, पण प्रोकेनने त्या सैल होतात, हे दिसून आले होते. फ्रान्समधील थोर शस्त्रवैद्य रने लरीश यांचे मत असे की, पुष्कळशा व्याधींत रक्तवाहिनी मज्जातंतूंच्या अतिरेकी प्रेरणेने आवळली जाते. तो तंतू बधिर केला की वाहिनी मोकळी होईल. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात मानेच्या तळाशी असलेल्या मज्जागाठीत नोव्होकेनची सुई देण्याची रीत रूढ केली. तिकडे जर्मनीत हुनेके बंधूंनी १९२५ पासून याच औषधाने नाना दुखणी बरी होतात असा पंथच स्थापन केला. मग डोळ्याची धमनी तरी का मोकळी होऊ नये? डोळ्याच्या मागे प्रोकेन सोडावे, जोडीला रक्तवाहिन्या रुंदावणारी टोलाझोलीन वा ॲसिटिलकोलिन यांसारखी औषधे द्यावी, डोळा चोळावा, त्यातील थोडे पाणी काढून दाब उतरवावा, असे उपचार विसाव्या शतकाच्या मध्यास मान्यवर नेत्रवैद्य करीत असत. ते कोणी भोंदू नव्हते. अंध होत चाललेला माणूस समोर बसला असता हातात असलेली सुई खाली ठेवणे कोणाला जमले असते?

परंतु तर्क चुकला होता, आणि तो दोन ठिकाणी चुकला होता. एक तर बहुतेक रोग्यांत धमनी आवळलेली नसते. मानेच्या मोठ्या धमनीच्या भिंतीवरील चरबीचा खपला किंवा हृदयातून आलेला कण तीत पाचरीसारखा बसलेला असतो. नळी थोडी सैल केल्याने पाचर निघत नाही. दुसरे असे की, वाहिन्यांना आवळणारे जे तंतू बधिर करावयाचे, ते डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाच्या वाहिन्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. जेथे तंतूच नाही तेथे त्याला मुका करणार तरी कसे? मग काही रोग्यांना गुण आला तो का? तर कधी कधी तो कण आपोआप फुटून पुढे सरकतो. त्याचे श्रेय त्या दिवशी दिलेल्या सुईला मिळे. उलटपक्षी, डोळ्यामागे सुई देताना एखादे वेळी आत रक्तस्राव होऊन त्याच्या दाबाने धमनी बंद पडल्याचीही उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. २००९ साली कॉक्रेन या संस्थेने धमनीरोधावरील उपचारांची छाननी प्रसिद्ध केली. कोणताही उपाय निश्चितपणे गुणकारी ठरल्याचा पुरावा नाही, असे तीत आढळले. युरोपात नळी थेट धमनीपर्यंत नेऊन गुठळी विरघळविण्याचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१० साली आला; साध्या उपचारांहून तो सरस ठरला नाही, आणि अपाय मात्र अधिक झाले.

वेळेचा हिशेब मांडण्याचे श्रेय पंजाबात जन्मलेले व पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हयरेह यांना आहे. त्यांनी माकडांच्या डोळ्याची ही धमनी मोजून-मापून बंद करून पाहिली. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत दृष्टिपटलास इजा होत नाही; २४० मिनिटांनंतर, म्हणजे चार तासांनी, जवळजवळ सर्व नाश झालेला असतो. हे आकडे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पाटोद्याहून मांजरसुंब्यावरून बीड तासाभराच्या अंतरावर आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याहून दूर, तरी चार तासांच्या आतच. दादा गेले असते तर डोळा वाचलाच असता असे नाही. डॉक्टरांनीही तसे सांगितले नाही. पण आम्ही त्यांना चार तासांऐवजी आठ दिवस दिले. आता हा विकार मेंदूच्या झटक्याचाच भाऊबंद मानतात, आणि अमेरिकेतील हृदयसंघाने २०२१ साली तसे स्पष्ट जाहीर केले आहे. म्हणजे नुसत्या डोळ्यासाठी नव्हे, तर पुढे येऊ शकणारा पक्षाघात टाळण्यासाठी रक्तदाब, हृदय व मानेच्या धमन्या यांची तपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी. दादांची ती तपासणीही उशिराच झाली.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, बधिरतेच्या औषधाचा हा इतिहास फसलेल्या आशेचा आहे. पण तसे नाही. जे काम त्याच्याकडे मूळचे होते, ते त्याने चोख बजावले. मराठवाड्यात १९५६ साली औरंगाबादेस, आताच्या छत्रपती संभाजीनगरास, वैद्यकीय महाविद्यालय निघाले, अंबाजोगाईचे त्यानंतर. १९७६ साली अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शिबिरांतून मोतीबिंदू काढले जाऊ लागले. लातूर जिल्ह्यातील माकेगावी जन्मलेले, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर १९९५ पासून आयुष्य काढीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात व खेडोपाडी हजारो डोळ्यांना दृष्टी देणारे डॉ. तात्याराव लहाने यांस २००८ साली पद्मश्री मिळाली, हे आपण सारे जाणतोच. रोग्यास बेशुद्ध करावे लागते तर अशा शिबिरांतून दिवसाकाठी एवढ्या शस्त्रक्रिया होत्या ना. ऊसतोडीहून परतलेली म्हातारी सकाळी टेबलावर निजते आणि घटकाभरात चालत बाहेर येते, ती कोलरच्या थेंबाच्या वारसांमुळे.

आणि अडलेल्या शिरेच्या बाबतीत तर या थेंबाने मागच्या दाराने प्रवेश केला. शीर तुंबली की उपाशी दृष्टिपटल एक प्रथिन सोडते. त्यामुळे वाहिन्या झिरपू लागतात आणि दृष्टीच्या मध्यबिंदूवर सूज येते. १९८४ पासून या सुजेवर लेसरचा उपचार होता, पण त्याने गेलेली दृष्टी थोडीच परते. आतड्याच्या कर्करोगासाठी काढलेले, त्या प्रथिनास अडविणारे एक औषध २००५ पासून डोळ्यात देऊन पाहण्यात आले. त्याच जातीचे रॅनिबिझुमॅब अमेरिकेत २०१० साली शिरेच्या विकारासाठी मान्य झाले, आणि २०१५ पासून ते आपल्या देशातही तयार होऊ लागले. शीर त्याने उघडत नाही, सूज ओसरते. आता हे औषध द्यावयाचे कोठे? थेट डोळ्याच्या गोलकात, सुईने, आणि तेही पुनःपुन्हा. बधिरतेचा थेंब नसता तर हा उपचार कोणी सहन केला नसता.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २०२२ च्या माघात आमच्या डाव्या डोळ्यास धुरकट दिसू लागले. येथेही वेदना नव्हती. एका ठिकाणी आम्हांस मोतीबिंदू सांगून ‘पिकू द्या’ असा सल्ला मिळाला. परंतु या वेळी आम्ही वाट पाहिली नाही. दोन दिवसांत दुसरीकडे दाखविले. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासला, तेव्हा शिरेची एक शाखा तुंबल्याचे निघाले. रक्तदाब पुष्कळ चढलेला होता. त्याचीही आम्हांस दाद नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, विशेषतः रक्तदाब, मधुमेह अथवा काचबिंदू असलेल्या ज्ञातिबांधवांनी अधूनमधून एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचून पाहावी. दोन्ही डोळे उघडे असता एकाचे उणे दुसरा भरून काढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही.

इंजेक्शनच्या दिवशी दादा आमच्यासोबत आले होते. परिचारिकेने प्रोपॅराकेनचे थेंब तीन वेळा घातले. पहिला थेंब किंचित झोंबला, पुढचे दोन पडल्याचे नुसते ओले जाणवले. पापण्या व डोळा तपकिरी जंतुनाशकाने धुतला, पापण्यांत तारेची लहानशी कमान बसविली. ‘गुरुजी, वर पाहा,’ असे डॉक्टर म्हणाले. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलीमीटरवर, केसासारख्या सुईने, एका थेंबाएवढे औषध आत गेले. आम्हांस कोणी बोट टेकविल्यासारखे वाटले, एवढेच. नजरेपुढे दोन-तीन काळे गोल बुडबुडे तरंगू लागले. ते दुसऱ्या दिवशी विरून गेले.

बाहेर बाकावर दादा बसले होते. त्यांनी आमचा हात धरून बसविले आणि विचारले, ‘दुखलं का रे?’

आम्ही म्हणालो, ‘नाही दादा, मुळीच नाही.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझंही दुखलं नव्हतं.’